खोडावरचं लिंपण

गवत कमरेएवढं वाळून उभं होतं आणि मार्कला शिफ्ट होती. महिनाभर हेच चाललं होतं.

दोन वर्षं पाऊस पोटभर झाला म्हणून गवत माजलं. मग पाऊस फिरकलाच नाही आणि ते उभ्याउभ्या वाळलं. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाहून गाडीने पस्तीस मिनिटांवर पंचवीस एकरांचा तुकडा. घराच्या मागच्या पायरीपासून पार कुंपणापर्यंत नुसता पेंढा. बर्नाडेट डाबरे रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी राहायची, ते बघायची, आणि चहा निवायच्या आत तिचं डोकं तापायचं.

"उन्हाळ्यात एक ठिणगी पडली की घर, गाडी, तुझी सर्टिफिकेटं, सगळं राख," ती लेकाला म्हणाली. "मी सांगते, घराभोवती एक पट्टा भाजून टाकू. भाताच्या पेरणीआधी आपण राब भाजायचो तसा. जन्म गेला माझा त्यात."

"आय, परमिट लागतं."

"आपल्याच गवताला?"

"आपल्याच गवताला."

"मग आण की. शंभर पावलांवर आहे का ते परमिट, की वसईहून बोटीने यायचंय?"

मार्क हॉस्पिटलात नर्स, सून सॅन्ड्रा तिथंच लॅबमध्ये. दोघांनी जमीन घेतली ती डोळ्यांना हिरवं दिसावं म्हणून. हिरवं बघायला दोघं, आणि विळा घेऊन त्यात वाकायला बर्नाडेट एकटी. वय एकाहत्तर, शिक्षण चौथी, उजवा गुडघा गेल्या वर्षी बदललेला. त्या गुडघ्यापायी मार्कने तिला येशूच्या तसबिरीखाली उभं केलं होतं आणि हातात रोझरी देऊन वदवून घेतलं होतं, यापुढे शिडीला हात लावणार नाही. पहिल्या कम्युनियनच्या पोरीसारखं! वाडीत नारळ उतरवून घेणाऱ्या, चार गडी हाताखाली नाचवणाऱ्या बाईला!

शेवटी मार्कने फोन केला. आगीच्या बंबवाल्यांपैकी एकजण म्हणाला, इथले मूळचे लोक आहेत, जुन्या पद्धतीने हळू जाळतात, परमिटचंही तेच बघतात, त्यांना बोलवा. म्हणून शनिवारी ड्वेन आला.

ड्वेन चाळिशीचा, अंगाने भरलेला, बुटांवर धूळ. आल्या आल्या तो बोलला नाही, चालत सुटला. बर्नाडेट दारातून बघत होती. त्याने गवताची काडी मोडून कानाशी धरली. खाली बसून बोटं मातीत खुपसली, बोटांचा वास घेतला. पुन्हा दहा पावलं, पुन्हा बोटं मातीत.

"याला काम येतं," ती सॅन्ड्राला म्हणाली. "तुझा नवरा अजून एकदाही त्या मातीत बोट घालून बसलेला नाही."

"आय, पुरे ना."

मग ड्वेन घरामागच्या मोठ्या झाडापाशी पोचला आणि थांबला.

ते झाड बॉक्सचं, निलगिरीच्या जातीतलं. घरापासून चाळीस पावलं, दोन बायकांच्या कवेत मावणार नाही एवढं खोड. त्याच्या उगवतीच्या अंगाला गुडघ्यापासून डोक्याच्याही वरपर्यंत साल नव्हती. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, उघडा पडलेला पट्टा, आणि कडेने साल ओठासारखी जाड होऊन आत वळलेली. त्याच्याही वर, फांदी मोडली होती तिथं एक ढोली. बर्नाडेटने पहिल्या दिवशीच ओळखलं होतं: भिरूड. आंब्याला लागते तशी आतून पोखरणारी कीड. जूनमध्ये एके दिवशी दोघं शिफ्टला गेल्यावर तिने गोठ्यातल्या चार गाईंचं शेण घमेल्यात घेतलं, लाल माती घातली, कापलेला पेंढा घातला, पायाने मळलं, आणि ते खोड असं लिंपलं की वाडीतल्या कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हात बर्नाडेटचा. वरून चुन्याचा हात. झाड न्हाऊनमाखून बसल्यासारखं दिसत होतं.

ड्वेनने डोक्यावरची हॅट काढली.

"कुणी केलं हे?" त्याने इंग्रजीत, अगदी हळू विचारलं.

एवढं इंग्रजी बर्नाडेटला कळत होतं. ती पुढे झाली. "मी. ट्री सिक. मी डॉक्टर."

ड्वेन तिच्याकडे बघत राहिला. मग बाजूला जाऊन फोनवर कुणाशीतरी बराच वेळ बोलला. सॅन्ड्राचा चेहरा उतरत गेला.

"आय, तो रोग नाहीये," ती म्हणाली. "त्यांच्या लोकांनी फार पूर्वी तिथली साल काढून घेतलीये. भांडं करायला. असं झाड म्हणजे त्यांच्यासाठी... त्याला हात लावायचा नसतो. कायद्यानेसुद्धा नाही."

"मग पाटी नाही का लावायची? मला काय स्वप्न पडणार?"

"तो म्हणतोय त्याच्या आंटीने बघितल्याशिवाय इथं काडी ओढायची नाही. आणि थंडी आहे तोवरच जाळता येतं. फार तर दहा दिवस. एकदा कोरडा वारा सुटला की परमिट बंद."

बर्नाडेटने गवताकडे पाहिलं. दहा दिवस.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मार्कने तिला धरलं. "आय, कशाला केलंस? कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला घरात कुणी असतं?"

"किती लिंपलंस?"

"हात पुरतो तेवढं."

"शिडी?"

बर्नाडेट भाकरी थापत होती. तिने थापायचं थांबवलं नाही. "गुडघ्याला आठवतंय माझ्या. शिडी कशाला घेईन?"

खरं तर ती शिडीच्या पाच पायऱ्या चढली होती, आणि वरच्या ढोलीत शेण-पेंढ्याचे दोन घमेली गोळे कोपरापर्यंत हात घालून ठोसून बसवले होते. पाऊस आत जाऊ नये म्हणून. उतरताना गुडघा कळवळला, तेव्हा एक 'नमो मरिये' म्हणून तिने देवाशी तो हिशेब मिटवला होता. मार्कशी मिटवायची तिला गरज वाटत नव्हती.

मंगळवारी आंटी मर्ल आली. कुणीतरी भारदस्त साहेबीण येणार असं बर्नाडेट धरून चालली होती. गाडीतून उतरली ती तिच्याच वयाची, ठेंगणी, अंगात जुना स्वेटर, डोक्यावर फुटबॉलच्या टीमची लोकरी टोपी, हातात काठी. आली ती सरळ झाडापाशी. लिंपणावरून तळवा फिरवला. खाली वाकून कडेचा एक कोपरा पाहिला. तिथं बर्नाडेटने आधी कोयत्याने किडकं लाकूड तासायला घेतलं होतं, पण लाकूड लोखंडासारखं लागलं म्हणून एका घावावर सोडून दिलं होतं. बोटभर लांबीचा, पिवळा, ताजा घाव. शेजारी जुने घाव होते, काळे पडलेले, बोथट. मर्लने आधी जुन्या घावांवर बोट ठेवलं, एकेकावर. मग नव्यावर.

"हा नवा," ती म्हणाली.

बर्नाडेटला कुणी शिव्या दिल्या असत्या तर तिने दुप्पट दिल्या असत्या. हे बोट तिला सोसेना. "तिला सांग," ती सॅन्ड्रावर खेकसली, "आमच्याकडे झाडाला असंच करतात. मी झाडाचं वाईट केलेलं नाही."

सॅन्ड्राने सांगितलं. मर्ल ऐकून घेत राहिली आणि मग बोलली. सॅन्ड्रा म्हणाली, "त्या म्हणतात, वाईट करायचं होतं असं त्यांना वाटत नाही. त्यांच्या आजीने त्यांना हे झाड दाखवलं होतं. मग जमीन ज्याच्याकडे होती त्याने फाटक बंद केलं. तीस वर्षं त्या रस्त्यावरून गाडी थांबवून लांबूनच बघायच्या. आत आल्या त्या आज."

बर्नाडेटने आपल्या लिंपणाकडे पाहिलं. तीस वर्षांनी आत आली आणि बघते तर माझं शेण.

"आणि म्हणतात, हे काढायला हवं. पाण्याने भिजवून, हळू. लोखंड नको, तारेचा ब्रश नको. हे असं वाळलेलं राहिलं आणि जवळून विस्तव गेला तर—"

"मला सांगू नको," बर्नाडेट म्हणाली. "गोवरीला विस्तव लागला तर काय होतं ते तिला काय, मला विचार. वरून दिसत नाही, आणि दोन दिवस आत खदखदत राहतं."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. तिने मान वर केली नाही, पण ढोली कुठं आहे ते तिला न बघताही ठाऊक होतं.

काम तीन सकाळी चाललं. पहिल्या दिवशी दोघी उभ्याने करायला गेल्या आणि दहा मिनिटांत दोघींनी एकमेकींकडे चोरून बघत गुडघे चोळले. मर्लने पँटचा पाय वर सारून दाखवला, मधोमध उभा व्रण. बर्नाडेटने परकर वर करून आपला दाखवला. तेच हॉस्पिटल, बहुतेक तोच सर्जन. सॅन्ड्राने घरातून प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणल्या.

काय वापरायचं यावरून मात्र वाजलं. मर्लने मऊ फडकी आणली होती. बर्नाडेटने ती एका हाताने बाजूला सारली आणि इंडियन दुकानातून आणलेल्या नारळांची सोडणं घेऊन आली. काथ्या पाण्यात भिजवून, ठेचून, मुठीत मावेल असा कुंचा केला आणि मर्लच्या हातात दिला. मर्लने तो आपल्या गालावर घासून पाहिला, मग झाडावर. लिंपणाचा पापुद्रा सुटून आला आणि खालचं लाकूड करकरीत तसंच राहिलं. मर्लने ओठ बाहेर काढून मान हलवली. त्यानंतर फडकी कुणी मागितली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून सॅन्ड्रा कामाला गेली, तरी दोघींचं चाललं. बर्नाडेट मराठीतून बोलायची, मर्ल इंग्रजीतून, आणि दोघीही समोरचीला सगळं कळतंय असंच धरून चालायच्या. बर्नाडेटने आपल्या लेकाची गाऱ्हाणी सांगितली. मर्लने बहुतेक आपल्या पुतण्याची सांगितली, कारण मधेमधे ड्वेनचं नाव येत होतं आणि चेहरा तसाच होत होता.

पट्टा मोकळा होत गेला तसं बर्नाडेटला तो नीट दिसायला लागला. साल सोलणाऱ्याने खोडाला वेढा दिला नव्हता. वेढा दिला की झाड मरतं. इथं एकाच अंगाची घेतली होती, तीही उगवतीची, बाकीचं अंग रस वर चढवायला सोडून. वरचं टोक असं निमुळतं केलं होतं की पाणी साचू नये. काढणाऱ्याला घाई नव्हती आणि लोभ नव्हता. एवढं नीट काम करणारा गडी तिला अख्ख्या आयुष्यात एकच भेटला होता, आणि त्याच्याशी तिने लग्न केलं होतं.

"भांडं केवढं?" तिने हात पसरून विचारलं.

मर्लने दोन्ही हातांनी खोलगट आकार दाखवला, मग तो कुशीत घेऊन हलवला. बाळ.

"हात्तिच्या," बर्नाडेट म्हणाली आणि लंगडत घरात गेली. येताना भिंतीवरचं सूप घेऊन आली. वसईहून बॅगेत कपड्यांखाली दडवून आणलेलं, एअरपोर्टवर त्यापायी अर्धा तास झाडाझडती झालेलं. "मार्क," तिने सुपावर थाप मारली. "बेबी मार्क. धिस." जन्मला तेव्हा याच सुपात जुनेरं घालून त्याला ठेवला होता.

मर्लने सूप हातात घेतलं, तिरकं केलं, पाखडल्यासारखं केलं, मग झुलवल्यासारखं. "हं," ती म्हणाली. "सेम जॉब."

तिसऱ्या दिवशी खालचं सगळं निघालं. मर्ल खुर्चीत मागे रेलली आणि काठी वर करून ढोलीकडे दाखवली. "अप देअर?"

सांगायची हीच वेळ होती. पण मार्क घरी होता, चार पावलांवर पाण्याचा पाइप गुंडाळत होता, आणि त्याच्यादेखत शिडीची गोष्ट काढायची म्हणजे रोझरीची काढावी लागणार.

"नो," बर्नाडेट म्हणाली. "क्लीन."

मर्लने काठी खाली घेतली.

शनिवारी दव उडाल्यावर ड्वेन आणखी दोन माणसं घेऊन आला. त्यांनी झाडाभोवती दहा पावलांचा वाळका कचरा दाताळ्याने ओढून माती मोकळी केली. बर्नाडेटने ओचा खोचला, दाताळं मागून घेतलं आणि तीच माती पुन्हा ओढली. मार्क दोनदा "आय, बस ना" म्हणाला. ती बसली नाही.

ड्वेनने वाऱ्याच्या उलट अंगाला एका जागी काडी लावली. एवढं तरी येतं, असं बर्नाडेटला वाटलं. राबही उलट्या वाऱ्यानेच पेटवतात. पण नंतर त्याने दुसरी काडी लावलीच नाही. तो हात मागे बांधून उभा राहिला. सांडलेलं पाणी पसरावं तसा विस्तव घोट्याएवढा चारी बाजूंना सरकत निघाला.

"हे काय?" ती सॅन्ड्राला म्हणाली. "याने संध्याकाळ होईल. चार ठिकाणी पेटव म्हणावं, दुपारपर्यंत मोकळे होऊ."

"तो म्हणतो, चहूकडून पेटवलं तर आतल्या किड्यामुंग्यांना पळायला जागा राहत नाही."

बर्नाडेटने खाली पाहिलं. विस्तवाच्या पुढे पुढे मुंग्या झाडावर चढत होत्या, एक सरडा डुलत निघाला होता, कुणाला घाई नव्हती. इथं माणसांनाच घाई नाही, मुंग्यांना कुठून असणार! तरी ती बघत राहिली. वरचं गवत जळत होतं आणि बुडख्याशी हिरवं तसंच उरत होतं. तिच्या राबाखाली माती भाजून विटेसारखी व्हायची.

बाराच्या सुमारास वाऱ्याची एक झुळूक उलटी फिरली, गवताच्या काही पेटत्या काड्या झाडाच्या अंगाने वर उडाल्या आणि दिसेनाशा झाल्या. कुणाला काही वाटलं नाही. चार वाजता पट्टा संपला. मर्लने टोपी काढून डोकं खाजवलं. ड्वेनची माणसं सामान गाडीत टाकू लागली. मार्क सगळ्यांना थँक यू म्हणत हात मिळवत फिरत होता.

आणि बर्नाडेटला वास आला.

दिवसभर नाकात धूरच होता, पण तो गवताचा, तिखट, वर उडणारा. हा जड होता. गोडसर, खाली बसणारा. चुलीपाशी पन्नास वर्षं बसलेल्या बाईला तो झोपेतसुद्धा ओळखता आला असता. तिने इकडे तिकडे पाहिलं. कुणाचंच नाक हललं नव्हतं. वर ढोलीच्या तोंडाशी धुराची एक दोरी, शिवायच्या दोऱ्याएवढी. आभाळाच्या रंगात मिसळलेली. उद्या सकाळी दिसली असती, किंवा परवा, खोड आतून पोकळ झाल्यावर. लोक म्हणाले असते, ड्वेनच्या विस्तवाने गेलं. आंटीच्या लोकांनीच आंटीचं झाड जाळलं. बर्नाडेटचं नाव कुणाच्या तोंडात आलं नसतं.

ड्वेनने गाडीचं दार लावलं.

"थांबा!" ती ओरडली. मराठीतच ओरडली, आणि तरी सगळे थांबले. "वर आहे. ढोलीत. माझं शेण पेटलंय."

"काय?" मार्क म्हणाला. "वर कसं?"

"मी ठोसलंय. दोन घमेली. अरे शिडी आण, तोंड काय बघतोस!"

मार्क धावला. ड्वेन शिडी चढला, पाठीवर पाण्याचा फवारा घेऊन. आधी पाणी मारलं तसा ढोलीतून वाफेचा लोट आला. बर्नाडेट खालून सांगत होती, सॅन्ड्रा भाषांतर करत होती: वरून पाणी मारून विझत नाही, फोडून काढायला लागतं, दांडा घाल, डावीकडून, तिथं गोळा मोठा आहे. ड्वेनने दाताळ्याच्या दांड्याने एकेक ढेकूळ उकरून खाली टाकलं. बाहेरून काळं, आतून लाल. शेवटी त्याने कोपरापर्यंत हात आत घातला, तिने घातला होता तसाच, आणि बराच वेळ चाचपत राहिला.

"थंड आहे," तो वरून म्हणाला. "लाकडाला लागलेलं नाही."

मग सगळे तिच्याकडे बघायला लागले. शिडी खोडाला टेकलेली. ढोली तिच्या डोक्यापासून दोन हात वर. मार्कचं तोंड उघडं होतं.

"आय. तू शिडीवर चढली होतीस."

"मग काय उडत गेले?"

"रोझरी हातात घेऊन शपथ—"

"ते माझं आणि देवाचं आहे. तू मध्ये कोण?" मग ती मर्लकडे वळली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला समोरचीला आपलं कळतंय की नाही याची शंका आली. "सॅन्ड्रा, तिला सांग. मी परवा खोटं बोलले. क्लीन म्हणाले. तिला नीट सांग, गुळमुळीत करू नको."

सॅन्ड्राने सांगितलं. मर्ल काठी टेकत जवळ आली. ढेकळांकडे पाहिलं, ढोलीकडे पाहिलं, मग बर्नाडेटच्या गुडघ्याकडे. तिला हसू आलं असावं, कारण तिने ते तोंडावर हात ठेवून दाबलं. मग ती बोलली.

"काय म्हणते?" बर्नाडेटने विचारलं.

"म्हणतात, असला वास त्यांना आला नसता. आणि म्हणतात, आता दरवर्षी जाळायच्या आधी त्या येणार, तेव्हा झाड तुम्ही दोघींनी मिळून बघायचं." सॅन्ड्रा जरा अडखळली. "जमिनीवरून."

मार्कने शिडी खांद्यावर घेतली होती. ती तो आता कुठं कुलपात ठेवणार हे बर्नाडेटला दिसत होतंच. तिने नाक ओढलं आणि घमेलं घेऊन खाली वाकली. विझलेली, भिजलेली ढेकळं एकेक करून त्यात भरायला लागली. बोटांना चटका बसत होता, तरी ती भरत राहिली. घमेलं भरलं, उचलायला गेली, गुडघ्याने दगा दिला.

समोरून मर्लने घमेल्याचा एक कान धरला.

"व्हेअर?" तिने विचारलं.

"तिकडे," बर्नाडेट हनुवटीने दाखवत म्हणाली. "झाडाला नको तर राहिलं. माझ्या अळूला चालेल."